वाद न घालता दुसऱ्याचा धर्म (किंवा धर्म नसणं) कसं समजून घ्यायचं: एका बिछायतवाल्याची पद्धत

आमचं नागपुरात बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, मंडप, कनाती, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत म्हणतात. बाबांनी सुरू केलं, आता चोवीस वर्षं झाली मी बघून राहिलो. या धंद्यात सगळ्यांच्या दारात जावं लागतं. महालात गणपतीचा मंडप, इतवारीत जैनांचं प्रवचन, मोमिनपुऱ्यात निकाह, जरीपटक्यात सिंधी लग्न, सदरला ख्रिसमसच्या खुर्च्या, आणि वर्षातून दोन-चार कार्यक्रम असेही जिथे टेबलावर फक्त एक फोटो आणि हार असतो, ना पूजा ना भटजी. दसऱ्याला तर विचारूच नका, रेशीमबागेत संघाचा कार्यक्रम, दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यातली लाखो माणसं, संध्याकाळी रावण जाळायची गर्दी, सगळं एकाच दिवशी आणि सगळं काही किलोमीटरच्या आत, आमचा टेम्पो तिन्ही गर्दीत अडकलेला असतो.

पण सगळ्यांच्या दारात जाणाऱ्याला सगळं समजतं असं काही नाही बरं का. कॉलेजात मी वादविवाद स्पर्धेच्या दोन ढाली जिंकलो होतो आणि ती खाज पुढे कित्येक वर्षं गेली नाही. कोणी काही मानतो म्हटलं की ते काऊन (म्हणजे का) मानतो, पुरावा काय, असं माझं सुरू व्हायचं. आणि कोणी मानत नाही म्हटलं तरी मी त्याच्याही मागे.

ज्या दिवशी ही खाज उतरली तो दिवस सांगतो. शाळेपासूनचा मित्र, घरी तीन पिढ्या बौद्ध, १९५६ मध्ये बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्याचे आजोबा त्या मैदानावर स्वतः हजर होते. गणपतीचे दिवस, तो दुकानात आला, मी प्रसादाचा मोदक पुढे केला. तो म्हणाला नको. मी म्हटलं, अबे खायची वस्तू आहे, घे न. तो हसून नको म्हणाला. तिथे थांबायचं सोडून मी अजून प्रेम दाखवायला गेलो, म्हटलं बुद्ध तर आपलाच न बे, विष्णूचा नववा अवतार. तो उठला, गाडीला किक मारली आणि गेला, त्यानंतर आठ महिने फोन नाही.

नंतर दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर बावीस प्रतिज्ञांची, म्हणजे बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना लोकांना दिलेल्या प्रतिज्ञांची, छोटी पुस्तिका घेतली. तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीला देव मानणार नाही असं आहे, आणि पाचवीत स्पष्ट आहे की बुद्ध विष्णूचा अवतार हा खोटा आणि खोडसळ प्रचार आहे. म्हणजे त्याच्या आजोबांनी ज्या गोष्टी हात जोडून, मोठ्याने म्हणून सोडल्या होत्या, त्यातल्या दोन मी पाच मिनिटांत त्याच्या पुढ्यात ठेवल्या, वरून आपुलकी म्हणून. नागपुरात जन्मलो, वाढलो, त्या रस्त्यावर मंडप टाकले, आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं काऊन, तर कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून हळूहळू चुकत-माकत जी पद्धत बसली ती लिहून राहिलो. पायऱ्या म्हणून लिहितो, पण प्रत्येक वेळी याच क्रमाने होईल असं नाही.

१. आधी स्वतःला विचारा, मला हे कशाला हवंय

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त फोडत राहायचं, ती वितंडा. आपण आज वाद म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं जल्प नाहीतर वितंडा असतं, चांगला शब्द फुकट बदनाम झाला.

तर तोंड उघडायच्या आधी बघा आपण कोणत्या खात्यात आहोत. सोपी तपासणी सांगतो. समोरच्याचं उत्तर ऐकायच्या आधीच तुमच्या डोक्यात त्याचं प्रत्युत्तर तयार असेल तर तुम्हाला काही समजून घ्यायचं नाहीये. त्या दिवशी क्रिकेटवर बोला, उन्हाळ्यावर बोला, नागपुरात त्याला तर विषयच कमी नाही. वाईट काही नाही त्यात. मी अजूनही कधी-कधी विचारायचं टाळतो, कारण माझाच मूड ढाल जिंकायचा असतो.

२. थोडा गृहपाठ, पण उत्तरं पाठ करायची नाहीत

अर्धा तास वाचलं तरी पुरतं. उपयोग एवढाच की आपण मूर्ख प्रश्न विचारत नाही आणि समोरच्याला पहिलीपासून शिकवावं लागत नाही. पण वाचलेलं तोंडावर फेकायचं नाही, तुमच्या धर्मात तर असं लिहिलंय मग तुम्ही तसं काऊन करत नाही, हा तर जल्पाचा बापच.

गृहपाठात मुख्य काय बघायचं, तर आपण माणसांना हिंदू, ख्रिश्चन, नास्तिक अशा ज्या डब्यांत टाकतो ते डबे कुठे चुकतात ते. काही उदाहरणं देतो, सगळी आमच्याकडचीच.

एकदा एका लग्नाच्या गेटवर पोरांनी सवयीने थर्माकोलचा मोठा गणपती लावला. घरचे आजोबा बाहेर आले, शांतपणे म्हणाले हा काढता येईल का. मला वाटलं बौद्ध असतील. ते महानुभाव निघाले. चक्रधर स्वामींचा पंथ, तेराव्या शतकापासूनचा, विदर्भात भरपूर लोक आहेत, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर त्यांचं मोठं स्थान. ते कृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पंचकृष्णांना मानतात, बाकी देवतांची पूजा करत नाहीत. भेटले की दंडवत प्रणाम म्हणतात. सरकारी कागदावर हिंदू, पण गेटवर गणपती नको. माझ्या डब्यात ही जागाच नव्हती.

गोंड मंडळींचं तसंच. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, साधारण १७०२ च्या सुमारास, आणि तो स्वतः इस्लाम स्वीकारलेला होता, हे किती नागपूरकरांना माहीत आहे बघा विचारून. आज जय सेवा म्हणून नमस्कार करणारा, माघात गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला जाणारा माणूस स्वतःला हिंदू म्हणवेल किंवा ठामपणे नाही म्हणेल, दोन सख्खे भाऊ यावर वेगवेगळं बोलताना मी ऐकलेत. जनगणनेच्या फॉर्मवर मोठ्या सहा धर्मांनंतर येतो तो इतर धर्मांचा रकाना, २०११ मध्ये देशभरात त्यात साधारण ७९ लाख माणसं होती, एकाच ओळीत. कोणत्या रकान्यात टाकायचं ते त्याला ठरवू द्या.

ख्रिश्चन म्हटलं तरी एक डबा नाही. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि सदरचं एसएफएस हे कॅथलिक कॅथेड्रल. एका प्रोटेस्टंट कुटुंबाला मी पोपबद्दल विचारत बसलो होतो, ते बिचारे नम्रपणे उत्तरं देत होते.

आणि नास्तिक हा शब्द. आपल्या जुन्या दर्शनांच्या भाषेत नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा. त्यामुळे ईश्वराशिवाय सगळं मांडणारं सांख्य आस्तिक ठरतं आणि जैन, बौद्ध, चार्वाक तिघं नास्तिक. आज रस्त्यावर त्याचा अर्थ देव न मानणारा. त्यात पुन्हा कोणी शिवीसारखा वापरतो, कोणी पदवीसारखा. म्हणून कोणी मी नास्तिक आहे म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे तुमच्यासाठी त्याचा अर्थ काय?

३. वेळ आणि जागा

यावर लोक विचारच करत नाहीत आणि निम्मं इथेच बिघडतं.

सणाच्या दिवशी विचारू नका, माणूस कामात असतो. मयतीत विचारू नका. चार जणांसमोर तर अजिबात नाही, चार जण असले की माणूस स्वतःचं बोलत नाही, समाजाच्या वतीने बोलतो, आणि तुम्हाला ऐकायला मिळतं ते प्रेस नोट. फॅमिली ग्रुपवर काय होतं ते तर मी सांगायची गरज नाही.

माझा अनुभव असा की हात कामात असले आणि नजरेला नजर नसली की माणूस मोकळा होतो. रात्री अकरानंतर कनाती सोडताना, टेम्पोत उमरेड रोडने परत येताना, सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बाजूबाजूला उभं राहून. समोरासमोर खुर्च्या टाकून, हं सांगा आता तुमची श्रद्धा, असं केलं की ती मुलाखत होते नाहीतर चौकशी.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या दुकानात दहा-बारा पोरं कामाला आहेत, त्यातल्या कोणाला मी धर्माबद्दल विचारलं तर ते मालक विचारून राहिला असं होतं. तो मला आवडेल ते उत्तर देईल, आणि काऊन देणार नाही, त्याला उद्या कामावर यायचंय. घरमालकाने भाडेकरूला, साहेबाने ज्युनिअरला, बहुसंख्येच्या माणसाने एकट्या माणसाला विचारणं, या सगळ्यात हे येतं. मोमिनपुऱ्यातले एक केटररभाई माझे चांगले दोस्त, ते म्हणाले होते, "भाऊ, आम्हाले कोणी प्रश्न विचारला की आधी पोटात गोळा येतो, का आज कशाचा खुलासा द्यावा लागते." म्हणजे जगात कुठे काही झालं की त्यांच्याकडून उत्तर मागितलं जातं. मग मी काय केलं, विचारणं बंद केलं आणि आधी स्वतःचं सांगायला लागलो, की आमच्या आईचा सोळा सोमवारचा घोळ असा आहे, मला स्वतःला अर्धं पटतं अर्धं नाही. दोन-तीन महिन्यांनी ते आपणहून बोलायला लागले.

४. प्रश्न कसे विचारायचे

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, चहा घ्या.

"काऊन मानता" हा प्रश्न टाळा. काऊन म्हटलं की समोरच्याला वाटतं कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं की तुम्ही ते खोडाल. त्याऐवजी कसं, केव्हा, कोण, कुठे.

मी विचारतो ते प्रश्न असे. लहानपणी घरी हे कोण करायचं? तुम्हाला ते तेव्हा कसं वाटायचं? आता त्यातलं काय ठेवलं आणि काय सोडलं? दिवसभरात कुठल्या क्षणी हे आठवतं? असं काही आहे का जे तुमच्याबद्दल लोक नेहमी चुकीचं समजतात? यातला शेवटचा प्रश्न माझा लाडका, त्यावर माणसं अर्धा अर्धा तास बोलतात.

"मानता का" हाही प्रश्न बऱ्याचदा फसतो. मारबतीचं बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, इतवारी-महालाकडे पाय ठेवायला जागा नसते, सगळे ओरडतात ईडा पिडा घेऊन जा गे मारबत. त्या गर्दीत कोणाला विचारा की बाप्पा, तुम्ही खरंच मानता का की हा पुतळा रोगराई घेऊन जाते? तो तुमच्याकडे येड्यासारखा बघेल. पण त्यालाच विचारा तुम्ही पहिल्यांदा कोणासोबत आले होते, की सुरू होईल, बाबांच्या खांद्यावर बसून, तेव्हा बडग्यावर (मारबतीसोबत निघणारा पुतळा) अमक्या पुढाऱ्याचं नाव होतं. काही गोष्टी मानायच्या नसतात, करायच्या असतात, आणि काही लोकांचा सगळा धर्म असाच असतो. काहींचा अगदी उलटा, करत काहीच नाहीत पण आतून भल्ले पक्के.

आता मराठीतच होणारी एक चूक. "तुमच्यात असं चालते का?" हा प्रश्न. तुमच्यात हा शब्द आपल्याकडे धर्मापेक्षा जातीसाठीच जास्त वापरला गेलाय, आणि ज्याला तो आयुष्यभर ऐकावा लागला त्याला तो लगेच टोचतो. मी आता "तुमच्या घरी" म्हणतो. तुमच्या घरी हे कसं करतात? एका शब्दाने केवढा फरक पडतो. तसंच कुलदैवत कोणतं, मूळ गाव कोणतं, आडनाव काय म्हणाले, हे प्रश्न निरागस चेहऱ्याने विचारले जातात, पण विचारणाऱ्याला खरं तर जातच काढायची असते आणि समोरच्याला ते पहिल्या सेकंदाला कळतं. श्रद्धा समजून घ्यायला आडनाव लागत नाही.

आणि कोणी "सोड न यार" म्हटलं तर सोडायचं. तो त्याचा हक्क आहे.

५. ऐकताना काय करायचं नाही

"आमच्यात पण सेम टू सेम" हे चटकन म्हणू नका. आणि "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे तर अजिबात नको. मला माहीत आहे हे चांगल्या मनाने म्हटलं जातं, मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. पण त्याने होतं काय, समोरचा सांगत असतो त्याचं वेगळेपण, आणि आपण त्यावर चादर टाकून मोकळे होतो. माझं नवव्या अवताराचं बोलणं त्याच जातकुळीतलं.

ताजबागचं उदाहरण घ्या. ताजुद्दीन बाबा गेले १९२५ मध्ये, त्यांना रघुजीराजे भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यावर ठेवून घेतलं होतं, आणि आजही त्यांच्या दर्ग्यात हिंदू किती असतात ते कुठल्याही गुरुवारी जाऊन बघा. आम्हा नागपूरकरांना याचा अभिमान आहे आणि असावाच. तर त्या अभिमानात मी एका मुस्लिम गिऱ्हाईकाला म्हटलं, तुम्ही तर उर्सात दरवर्षी जात असाल. ते म्हणाले, नाही, आम्ही दर्ग्यावर जात नाही, आमच्या समजुतीप्रमाणे मागणं फक्त अल्लाकडे. मुसलमानांमध्ये दर्गा मानणारे आणि न मानणारे असा जुना मतभेद आहे, देवबंदी-बरेलवी नावं तुम्ही ऐकली असतील. मी त्यांच्याशी जवळीक दाखवायला जे वापरलं तेच त्यांना पटत नव्हतं. आणि हे बोलताना त्यांच्या स्वरात ताजबागला जाणाऱ्यांबद्दल राग नव्हता, त्यांची स्वतःची बायकोच जाते म्हणाले.

बाकी साधं आहे. मध्ये बोलू नका. शांतता झाली तर होऊ द्या, भरायला धावू नका. मोबाइल खिशात. आणि डोळे मोठे करून "अरे बापरे, असं करता?" हा चेहरा करू नका, तो टाळणं मला अजून जमत नाही पूर्ण.

६. परत सांगून बघा

जुने पंडित दुसऱ्याचं खंडन करायच्या आधी त्याचं म्हणणं नीट मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणायचे. आपण फक्त पूर्वपक्षापर्यंतच जायचं, खंडनाचं दुकान बंद.

म्हणजे ऐकून झालं की म्हणायचं, थांबा, मला बरोबर कळलं का बघा, तुमचं म्हणणं असं न की... आणि मग गप. समोरचा जर म्हणाला "हो, अगदी असंच", तर झालं. तो "नाही, तसं नाही" म्हणाला तर अजून चांगलं, कारण आता खरी गोष्ट येणार.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड काका आहेत, देव मानत नाहीत, तरुणपणी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. त्यांना मी म्हटलं, म्हणजे तुमचं असं न काका की तुमच्यासोबत काही वाईट झालं आणि तुमचा विश्वास उडाला? ते म्हणाले, "नाही रे बाप्पा. काहीच वाईट झालं नाही. कोणी मेलं नाही, कोणी फसवलं नाही. मी बसून विचार केला आणि मले नाही पटलं, एवढंच. तुम्हा लोकांले काहून वाटते का आम्ही दुखावलेलेच असतो?" घ्या. मी दहा वर्षं त्यांच्याबद्दल मनातल्या मनात एक करुण कहाणी रचून बसलो होतो.

हेच काका संध्याकाळी काकूंच्या पूजेत आरतीचं ताट धरून उभे असतात. मी विचारलं हे कसं, ते म्हणाले तिचे गुडघे दुखतात, तिला ताट घेऊन उठता येत नाही. आता यात मला विसंगती काढता आली असती, कॉलेजातल्या मला तर भल्ली मजा आली असती. पण काकांना त्यात विसंगती दिसत नाही आणि काकूंनाही नाही, आणि घर त्यांचं आहे.

७. न मानणाऱ्यांबद्दल थोडं वेगळं

आपण धर्मवाल्यांना निदान विचारतो तरी. न मानणाऱ्याला आपण एक तर सुधरवतो नाहीतर त्याची कीव करतो.

न मानण्याचेही खूप प्रकार आहेत. कोणी विचार करून सोडलं. कोणाच्या घरी कधी नव्हतंच. कोणी देव मानत नाही पण दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा, सगळं साग्रसंगीत. कोणाला हा विषयच बोअर होतो, तो नास्तिकही नाही, त्याला फक्त इंटरेस्ट नाही. कोणाला ठाऊक नाही आणि तसंच ठेवायचंय. २०११ च्या जनगणनेत साधारण २८ लाखांवर लोकांच्या पुढे धर्म सांगितला नाही असं आहे, ते सगळे नास्तिक नसणार, पण रकान्यात बसायचं नाही असे लोक आहेत एवढं दिसतं.

इथेही डबे फसतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाला म्हणजे देवाच्या विरोधातला, असं धरून चालतात लोक. श्याम मानवांनी १९८२ मध्ये नागपुरातूनच अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, पुढे १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आली, दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा नरबळी, भूत उतरवायच्या नावाने मारहाण अशा ठरावीक अघोरी प्रकारांसाठी आहे, तुमच्या देवपूजेला तो हात लावत नाही, आणि या चळवळीत रोज देवाला दिवा लावणारी माणसंही मला भेटलीत. सत्यशोधक लग्नाचा मंडप टाकताना मी असाच समज करून घेतला होता की भटजी नाही म्हणजे देव नाही. वधूच्या वडिलांनी सांगितलं, जोतीराव फुले निर्मिक मानायचे, सगळ्यांना निर्माण करणारा एकच, फक्त मध्ये दलाल नको.

आणि बौद्धांबद्दल लोक विचारतात, देवच नाही तर मग धर्म कसला? हा प्रश्न विचारायचा असेल तर आधी एक लक्षात घ्या. बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे येवल्यात सांगितलं १९३५ मध्ये, आणि धम्म स्वीकारला १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं त्या माणसाने अभ्यासात घातली. प्रज्ञा, करुणा, समता या शब्दांत त्यांनी बुद्धाकडे काय सापडलं ते सांगितलं. त्याचं उत्तर तुम्हाला पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत कसं मिळेल? मित्राच्या आजीला मी नंतर विचारलं, आजी, तुम्हाला त्या दिवसाचं काय आठवते, तर त्यांनी देवाबद्दल, तत्त्वज्ञानाबद्दल एक शब्द नाही सांगितला. म्हणाल्या, "पांढरं लुगडं नव्हतं रे घरात. शेजारणीचं मागून नेसली होती." मग कितीतरी वेळ त्या लुगड्याबद्दलच बोलल्या.

८. त्यांच्याकडे जाल तेव्हा

बोलण्याने होतं त्यापेक्षा जास्त कधी-कधी नुसतं जाऊन बसल्याने होतं. थोडक्यात सांगतो. गुरुद्वारात आणि दर्ग्यात डोकं झाकायचं, रुमाल खिशात ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये प्रसाद समजून रांगेत लागू नका, ते कम्युनियन त्यांच्यातल्यांसाठी असतं, बाकावर बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. जैनांकडे जेवण असेल तर सूर्य मावळायच्या आत पोहोचा, आणि कांदा-बटाट्याची आशा ठेवू नका. बोहरा मंडळींकडे एका थाळाभोवती सगळे बसतात आणि सुरुवात चिमूटभर मिठाने होते, बाजूचा करतो तसं करा. पारशी अग्यारीत बिगर पारशांना आत जाता येत नाही, त्याचा राग मानू नका. विहारात वंदना सुरू असेल तर मागे शांत बसा.

हात जोडायचे की नाही हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. जोडावेसे वाटले तर जोडा, नाही तर आदराने उभे राहा, नाटक करू नका. ते लगेच दिसतं.

९. आपलं मत कुठे ठेवायचं

विचारलं तर सांगायचं. खोटं "हो हो, मलाही पटते" म्हणू नका. "मला हे पटत नाही, पण तुम्हाला काय म्हणायचंय ते आता कळलं" एवढं म्हणता आलं की बस.

आणि हे सगळं नुकसान होत नसेल तिथवर. तापाने फणफणलेलं पोर मांत्रिकाकडे घेऊन चाललेत आणि तुम्ही विचारून राहिले की तुम्हाला लहानपणी हे कसं वाटायचं, असं नाही न चालत. आधी डॉक्टर. कोणाला वाळीत टाकून राहिले, तिथेही पूर्वपक्ष मांडत बसू नका, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे.

अजून एक, जे ऐकलं ते पचवायचं. कोणी विश्वासाने सांगितलं की मी आता नमाज पढत नाही, किंवा घरच्यांना माहीत नाही पण मी देवपूजा सोडली, तर ते तुमच्या गप्पांचा माल नाही. या शहरात बातमी महालातून निघते आणि जेवायच्या आधी धरमपेठेत पोहोचते. इथे लिहिताना पण मी माणसं थोडी इकडे-तिकडे केलीत, ओळखू येऊ नयेत म्हणून.

मित्राचं राहिलं. आठ महिन्यांनी मीच त्याच्या घरी गेलो, म्हटलं ती पुस्तिका वाचली, चुकलो. तो म्हणाला वाचायच्या आधी विचारलं असतं तरी चाललं असतं. आता दरवर्षी त्यांच्या भोजनदानाच्या स्टॉलचा मंडप आमच्याकडूनच जातो, पैसे तो पूर्ण देतो, कमी घेतले तर भांडतो. गेल्या वर्षी रात्री बल्ल्या (मंडपाचे लाकडी खांब) उतरवताना त्याने मला विचारलं, "तुझ्या दुकानात गणपतीचा फोटो आहे, तू रोज उदबत्ती लावतो. लावताना काय असते रे तुझ्या मनात?"

इतकी वर्षं लोकांना विचारून राहिलो, मला कोणी विचारलंच नव्हतं. काही सुचेना. म्हटलं उद्या सांगतो.

"घाई नाही," तो म्हणाला, "बल्ल्या मोज आधी, दोन कमी दिसून राहिल्या."